रोबोट व्हॅक्यूम घेताय? पास्कलचा आकडा सोडा, फडकं कुठे धुतलं जातं ते बघा

लाखभर रुपयांचा रोबोट घ्यावा का आणि घ्यायचा तर कुठला, हे हल्ली नात्यातले, सोसायटीतले बरेच जण विचारतात. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण सेल लागला की एकाच पानावर २५ हजारांचा पण असतो, सव्वा लाखाचा पण असतो, दोन्ही गोल, दोन्ही चपटे, दोन्हींच्या खाली लिहिलेलं की केर पण काढतो आणि फरशी पण पुसतो, मग माणूस काय करतो तर धूळ ओढायच्या ताकदीचा म्हणून जो एक मोठा आकडा दिसतो, दहा हजार पास्कल, वीस हजार पास्कल, तो बघून ठरवतो. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो: आपल्याकडच्या टाइल्सच्या घरात तो आकडा सगळ्यात कमी कामाचा आहे. महागड्या रोबोटमध्ये तुम्ही पैसे देता ते मुख्यतः पुसायच्या फडक्यासाठी, म्हणजे ते फडकं फरशीवर काय करतं, किती वेळा धुतलं जातं, आणि धुतल्यावर वाळतं का. बाकीचं सगळं त्याच्या मागे.

आधी थोडं जुनं सांगतो, म्हणजे कशाला किती भाव द्यायचा ते कळेल. २००१ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट आला आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या आयरोबोटचा रूम्बा, आणि रूम्बा बराच स्वस्त होता म्हणून तोच लोकांच्या घरात पोचला. त्या रोबोटला खोली दिसायची नाही, भिंतीला आपटायचा, वळायचा, परत निघायचा, शेवटी खोली साफ व्हायची पण कुठला कोपरा झाला आणि कुठला राहिला हे त्याला माहीत नसायचं. २०१० मध्ये निएटो कंपनीने रोबोटच्या डोक्यावर गोल फिरणारा लेझर बसवला, किरण भिंतीवर पडून परत येतो, त्यावरून अंतर कळतं, हे दर सेकंदाला काही फेऱ्या सतत चालू, आणि त्यातून घराचा नकाशा तयार होतो. मग २०१६ मध्ये शाओमीने रोबोरॉककडून बनवून घेतलेला लेझरवाला रोबोट स्वस्तात विकायला काढला आणि तिथून पुढे नकाशा ही चैनीची गोष्ट राहिली नाही. आज २५ हजारांच्या रोबोटमध्ये पण नकाशा, खोल्यांना नावं देणं, ठरावीक जागी जाऊ नको म्हणून रेघ मारून ठेवणं, सगळं मिळतं. त्यामुळे कोणी फोनवर सुंदर नकाशा दाखवून महाग मॉडेल गळ्यात मारत असेल तर तो नकाशा तुम्हाला निम्म्यापेक्षा कमी पैशात मिळणारच आहे हे लक्षात ठेवा.

आता पास्कल. पास्कल म्हणजे दाब मोजायचं माप, आणि जाहिरातीत जो आकडा असतो तो हवा आत घ्यायचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत जास्तीत जास्त किती ओढ तयार होते त्याचा. साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपवर तळहात ठेवून बघा, हात गच्च चिकटतो, पण त्या क्षणी हवा वाहतच नसते, म्हणजे धूळ पण आत जात नसते. धूळ उचलते ती वाहती हवा. खरी ताकद म्हणजे ओढ गुणिले दर सेकंदाला आत जाणारी हवा, आणि हा गुणाकार मोटरला मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त कधीच होऊ शकत नाही. १०,००० पास्कलची ओढ ठेवून सेकंदाला १० लिटर हवा ओढायची म्हटलं तर नुसत्या हवेवरच १०० वॅट लागतील, मोटरमध्ये वाया जाणारी वीज वेगळीच. आता रोबोटची बॅटरी बघा. ५२०० मिलीअँपिअर-अवर आणि १४.४ व्होल्ट, म्हणजे साधारण ७५ वॅट-अवर. युरोपात वायरवाल्या व्हॅक्यूमवर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा आहे, तेवढी मोटर या बॅटरीवर लावली तर पाच मिनिटांत बॅटरी संपेल. रोबोटला मात्र दोन-अडीच तास चालायचं असतं, चाकं फिरवायची असतात, ब्रश फिरवायचा असतो, लेझर चालू ठेवायचा असतो. म्हणजे सरासरीने सगळं मिळून ३० वॅटच्या आसपास.

रोबोरॉकचंच उदाहरण घ्या, कारण त्यांचे आकडे वर्षानुवर्षं समोर आहेत. २०२१ चा एस७ हा २५०० पास्कलचा, २०२३ चा एस८ प्रो अल्ट्रा ६०००, २०२४ चा एस८ मॅक्सव्ही अल्ट्रा १०,००० आणि २०२५ चा सारोस १० थेट २२,००० पास्कलचा. चार वर्षांत आकडा जवळजवळ नऊपट. आणि बॅटरी? ५२०० वरून ६४०० वर गेली, म्हणजे सव्वापट सुद्धा नाही. मधल्या काळात पंख्याची रचना सुधारली, ब्रश सुधारले हे खरं आहे, पण नऊपट जास्त सफाई होते असं कोणी समजू नये. जाड गालिच्यात रुतलेली धूळ काढायला जास्त ओढ उपयोगी पडते. व्हिट्रिफाइड टाइल, मार्बल, कोटा, मोझॅक, शहाबाद, असल्या फरशीवर धूळ वरच बसलेली असते, ती ३-४ हजार पास्कलला पण आरामात जाते. न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्यांच्या घरात भिंत ते भिंत कार्पेट असतं, त्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी पास्कल बघावेत आणि कार्पेटवर जाताना फडकं उचललं जातं का, किंवा रोबोट फडकी डॉकमध्येच, म्हणजे तो चार्जिंगला उभा राहतो त्या खोक्यात, काढून ठेवून जातो का, हे तर नक्कीच बघावं. इथे आपल्याकडे फार तर एखादी सतरंजी आणि दारातलं पायपुसणं.

केर काढण्यात पास्कलपेक्षा मला ब्रश महत्त्वाचा वाटतो. घरात लांब केसांच्या दोघी-तिघी असतील तर मधल्या मोठ्या ब्रशला आठवड्यात केसांचा गुंता होतो आणि तो कात्रीने कापत बसावं लागतं. आता चांगल्या मॉडेलमध्ये रबरी ब्रश येतो किंवा मधोमध दोन तुकडे केलेला ब्रश येतो, ज्याच्यावर केस सरकत सरकत मधे किंवा कडेला जातात आणि तिथून ओढले जातात. बाजूचा छोटा ब्रश कोपऱ्यातली धूळ बाहेर ओढतो पण तोच तांदूळ, साबुदाणा, मोहरी असलं काही सांडलं असेल तर ते दूर उडवतो, त्यामुळे स्वयंपाकघरासाठी त्याचा वेग कमी करता येतो का ते बघा.

आता मुख्य विषय, पुसणं.

पुसायच्या चार पद्धती आहेत. सगळ्यात साधी म्हणजे मागे एक पट्टी, तिला फडकं चिकटवलेलं, वरून थेंब थेंब पाणी, आणि रोबोट ते ओढत नेतो. याला पुसणं म्हणायला माझं मन धजत नाही, ओलं फडकं फिरवल्यासारखं होतं, धुळीचा बारीक थर जातो पण चहाचा वाळलेला डाग जागेवर राहतो. दुसरी, तीच पट्टी पण थरथरणारी, एस७ मध्ये ती मिनिटाला ३००० वेळा हलते, त्याने घासलं जातं, सपाट फरशीवर काम बरं होतं. तिसरी, दोन गोल फडकी जी दाब देऊन गोल गोल फिरतात, यात नारवाल कंपनीने सुरुवातीला मोठं काम केलं, फडकी धुणारा डॉक त्यांनीच आधी लोकप्रिय केला, आणि आज ड्रीमी, इकोव्हॅक्स, रोबोरॉक सगळ्यांकडे हा प्रकार आहे. काही मॉडेलमध्ये यातलं एक फडकं हाताने ढकलल्यासारखं बाहेर सरकतं आणि भिंतीच्या कडेची पट्टी पण पुसतं, आणि आपल्याकडे स्कर्टिंगच्या कडेलाच सगळी काळी रेघ जमते म्हणून ही सोय खरंच कामाची.

चौथी पद्धत म्हणजे रोलर. फडक्याचा लांब रूळ फिरत राहतो, वरून त्याच्यावर स्वच्छ पाणी पडतं आणि एक पट्टी लगेच ते घाण पाणी पिळून रोबोटच्याच आतल्या छोट्या टाकीत टाकते. इकोव्हॅक्सचा एक्स८ प्रो ऑम्नी, युफीचा एस१ प्रो हे असले. याचा फायदा समजून घ्यायचा तर गोल फडक्यांचं काय होतं ते आधी बघा. ती दहा-पंधरा चौरस मीटर पुसून झाली की रोबोट डॉककडे जातो, फडकी धुतो आणि परत येतो. पण त्या मधल्या वेळात काय? पहिल्या चार चौरस मीटरमध्येच फडकं काळं झालं असेल, कारण खिडक्या उघड्या, रस्त्याला लागून घर, तर पुढचं सगळं त्याच काळ्या फडक्याने पुसलं जातं. दिसायला फरशी ओली दिसते, वाळली की उन्हात आडव्या रेघा दिसतात, आणि पायाला किंचित चिकट लागतं. रोलर सतत धुतला जातो म्हणून हे बरंच कमी होतं. पुण्यामुंबईच्या धुळीला आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या तेलकटपणाला माझ्या मते रोलर जास्त बरा, त्याच्या आतली छोटी टाकी आणि पिळायची पट्टी मधून मधून हाताने साफ करावी लागते तरीसुद्धा. गोल फडकीवालाच आवडला असेल तर अॅपमध्ये जाऊन धुण्याचं अंतर कमी करा, दर खोलीनंतर धू असं सांगता येतं. वेळ जास्त लागतो, पाणी जास्त लागतं, पण फरशी खरी पुसली जाते.

आणि एक सेटिंग सगळ्यांनी करावंच, आधी पूर्ण घराचा केर आणि मग पुसणं. दोन्ही एकदम करायला लावलं की ओल्या जागेवरून चाकं जातात, धूळ आणि पाणी मिळून चिखल होतो, तो ब्रशला आणि आतल्या नळीला बसतो, आणि काही महिन्यांनी लोक म्हणतात की रोबोटला वास येतो. अगरबत्तीची राख, रांगोळीची पूड, पिठीसारखी सिमेंटची धूळ, ही फिल्टर फार लवकर भरते, त्यामुळे देवघरासमोर आणि दारातल्या रांगोळीभोवती मनाईची चौकट आखून ठेवा, ती जागा हाताने झाडलेली बरी.

आता डॉक, म्हणजे तो जिथे जाऊन उभा राहतो ते कपाटाएवढं खोकं. खरे पैसे इथे. साध्या रोबोटचा डॉक फक्त चार्जिंग करतो. त्याच्या वरच्या पायरीवर धूळ पिशवीत ओढून घेणारा, तीन-साडेतीन लिटरपर्यंतची पिशवी, ती महिना-दोन महिने पुरते. आणि सगळ्यात वर तो डॉक जो फडकी धुतो, घाण पाणी वेगळ्या टाकीत काढतो, रोबोटमध्ये स्वच्छ पाणी भरतो आणि गरम हवेने फडकी वाळवतो. नव्या मॉडेलमध्ये ६० ते ८० अंश गरम पाण्याने धुतात, आणि तेल-हळदीच्या डागाला गरम पाण्याचा फरक पडतो हे घरात भांडी घासणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पण मला विचाराल तर गरम पाण्यापेक्षा गरम हवा महत्त्वाची. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत, अगदी पुण्यातसुद्धा बाहेर टाकलेलं फडकं दोन दोन दिवस वाळत नाही, त्याला कुबट वास येतो, आणि तेच फडकं रोबोट दुसऱ्या दिवशी घरभर फिरवतो. म्हणून डॉकमध्ये गरम हवेने वाळवायची सोय नसेल तर तो आपल्या हवेसाठी अर्धाच रोबोट समजा. नुसता पंखा लावून थंड हवेने वाळवणारे पण असतात, जाहिरातीत फक्त "ड्राय" लिहिलेलं असतं, नीट वाचा.

एवढं सगळं करूनही घाण पाणी ओतायचं काम माणसाचंच आहे, हे आधी कोणी सांगत नाही. साधारण साडेतीन-चार लिटरची टाकी, तीन खोल्यांच्या घरात एक-दोन दिवसांत भरते, आणि उन्हाळ्यात ते पाणी दोन दिवस तसंच ठेवलं तर झाकण उघडवत नाही. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी नळाला आणि ड्रेनेजला जोडता येणारे डॉक असतात, स्विचबॉटने एस१० मध्ये तर पाण्याचं छोटं वेगळं स्टेशनच दिलं जे सिंकखाली बसतं. नवीन घराचं फर्निचर करत असाल तर कारपेंटर आणि प्लंबर घरात असतानाच हा विचार करा, नंतर टाइल्स फोडायला कोणी तयार होत नाही.

पाणी कुठलं घालता ते पण महत्त्वाचं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी गरम झालं की क्षार साठतात, गीझरच्या कॉइलवर साठतात तेच इथे, त्यामुळे शक्य असेल तर नगरपालिकेचं पाणी वापरा. आणि टाकीत फिनेल घालू नका. आईला, सासूबाईंना फिनेलच्या वासाशिवाय फरशी पुसल्यासारखं वाटत नाही हे मला पूर्ण मान्य आहे, पण बारीक नळ्या आणि पंप त्याने खराब होतात, बहुतेक कंपन्या त्यांचंच लिक्विड वापरा म्हणतात आणि दुसरं काही घातलेलं आढळलं तर वॉरंटीवरून वाद होतो. नुसत्या पाण्याने पण रोज पुसलं तर फरशी छान राहते.

आता तुमच्या घराकडे बघा, कारण निम्मे रोबोट घरामुळे अडतात. उंबरठा किती उंच? साधा रोबोट दोन सेंटिमीटरपर्यंत चढतो. रोबोरॉकच्या क्युरेव्हो कर्व्हसारखे काही चार सेंटिमीटरपर्यंत, आणि ड्रीमीचा एक्स५० अल्ट्रा पुढे छोटे पाय काढून अंग उचलतो, दोन पायऱ्यांमध्ये असेल तर सहा सेंटिमीटरपर्यंत जातो असं कंपनी सांगते. जुन्या वाड्यात, बंगल्यात लाकडी उंबरठा याच्यापेक्षा उंच असतो, तिथे प्रत्येक खोलीत उचलून ठेवावा लागेल. दिवाण आणि पलंग जमिनीपासून किती वर? डोक्यावर लेझरची टोपी असलेला रोबोट १० सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो. सारोस १० मध्ये ती टोपी आत जाते आणि सारोस १० आर मध्ये टोपीच नाही, दोन्ही ७.९८ सेंटिमीटर, त्यामुळे पलंगाखाली ८-९ सेंटिमीटर जागा असेल तर हे दोन फार उपयोगी, पलंगाखालची धूळ काढायला वाकावं लागू नये म्हणून तर हे सगळं चाललंय.

अजून एक आपल्याकडची गोष्ट, काळा ग्रॅनाइट. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोटच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात, किरण खाली सोडतात, परत आला म्हणजे जमीन आहे, नाही आला म्हणजे खड्डा. काळा चकचकीत दगड किरण शोषतो किंवा भलतीकडे परतवतो, म्हणून दारातली काळी पट्टी किंवा कडाप्पा बघून काही रोबोट खड्डा समजून मागे फिरतात आणि पलीकडची खोली कधीच होत नाही. घरात असली पट्टी असेल तर परत घ्यायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि पहिल्याच आठवड्यात तपासा. तसंच आरशाचं वॉर्डरोब आणि काचेचं सरकतं दार लेझरला फसवतं, नकाशात भिंतीपलीकडे एक खोटी खोली दिसते, तिथे रेघ मारून टाकली की झालं.

अडथळे ओळखणं हा महागड्या रोबोटचा दुसरा खरा फायदा. स्वस्तातला रोबोट मोबाइलची वायर, मोजा, ओढणीचं टोक ओढत नेतो आणि अडकून बसतो. वरच्या मॉडेलमध्ये समोर लेझरच्या रेघा किंवा समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा सेन्सर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी सोबत कॅमेरा. कुत्रा-मांजर असेल तर कॅमेरावाला जास्त चांगला ओळखतो, आयरोबोटने २०२१ मध्ये जे७ काढला तेव्हा विष्ठा टाळण्याची हमीच दिली होती. पण कॅमेऱ्याचा धोका खरा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने छापलं की चाचणीसाठी दिलेल्या रूम्बांनी काढलेले घरातले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या बाईचा पण, फोटोंना लेबल लावणाऱ्या लोकांकडून सोशल मीडियावर गेले. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सचे एक्स२ मॉडेलचे काही रोबोट हॅक झाले आणि स्पीकरमधून घरच्यांना शिव्या ऐकू आल्या. म्हणून लहान मुलं असतील, बेडरूममध्ये रोज फिरवणार असाल, तर कॅमेरा नसलेलं मॉडेल बघा, एस८ प्रो अल्ट्रामध्ये कॅमेरा नाही आणि तरी अडथळे बऱ्यापैकी टाळतो. कॅमेरावाला घेतलाच तर पासवर्ड वेगळा ठेवा आणि दुरून घर बघायची सोय बंद करा.

कंपनी टिकेल का हे पण विचारात घ्या. ज्या निएटोने लेझर आणला ती २०२३ मध्ये बंद झाली आणि नंतर तिचं क्लाउड, म्हणजे फोन आणि रोबोट जोडणारे कंपनीचे सर्व्हर, पण बंद झालं, म्हणजे रोबोट चांगला चालतोय पण फोनवरून काही करता येत नाही. आयरोबोटला अॅमेझॉन विकत घेणार होतं, तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये मोडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबोटने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढी जुनी कंपनी, तिचं असं झालं. त्यामुळे लाख रुपये देताना तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, पिशव्या, फिल्टर, फडकी, ब्रश इथे मिळतात का, अॅप न वापरता बटण दाबून चालतो का, हे विचाराच. परदेशातून कोणी येताना आणत असेल तर वॉरंटी इथे चालत नाही आणि डॉकचा व्होल्टेज वेगळा असू शकतो, अमेरिकेतला तर ११०-१२० व्होल्टचाच असतो.

तर मी कसं ठरवेन? धूळ खूप, तेलकट स्वयंपाकघर, सपाट फरशी, मग रोलरवाला. उंबरठे उंच, मग एक्स५० सारखा चढणारा. पलंग खाली, मग सारोस. बजेट ४० हजारांच्या आत असेल तर पुसण्याची अपेक्षाच सोडून केर काढणारा साधा लेझरवाला घ्या आणि फरशी पुसायला मावशी येतात त्यांना येऊ द्या, ही जोडी बऱ्याच घरांत सगळ्यात उत्तम चालते. बाथरूम, जिना, ओटा, खिडक्यांच्या पट्ट्या, जाळ्या काढणं, यातलं काहीच रोबोट करत नाही, म्हणून मावशींचा पगार वाचवून रोबोटचे पैसे निघतील असा हिशोब करू नका, तो जुळत नाही आणि त्यांच्यावर अन्याय होतो तो वेगळा.

ऑर्डर करायच्या आधी डॉकची जागा मोजून घ्या. अर्धा मीटर रुंद, तेवढाच उंच, समोर रोबोट यायला मोकळी जागा, जवळ प्लग आणि तिथपर्यंत वायफाय पोचलं पाहिजे, आणि बरेच रोबोट फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात. ड्राय बाल्कनी सगळ्यांना सोयीची वाटते कारण पाणी ओतायला मोरी तिथेच, पण तिथे पाऊस आत येतो आणि मधे सरकत्या दाराची पट्टी असते, म्हणून त्या दाराच्या आतल्या बाजूला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवा, टाकी उचलून दोन पावलांत मोरीपर्यंत जाता येतं.